माळावरचा कारवीचा आडोसा

भोरच्या दवाखान्यात मी नर्स म्हणून लागले, ते माझ्या सासूबाईंना अजिबात पसंत नव्हतं. मुलगा शाळेत मास्तर, घरचं नीट चाललेलं, मग सुनेनं परक्यांच्या जखमा कशाला धुवायच्या, असं त्या येईल त्याला सांगत. पण संध्याकाळी मी घरी आले की न्हाणीत माझ्यासाठी कढत पाणी काढून ठेवलेलं असे. तोंडानं एक आणि हातानं दुसरंच, असा त्यांचा स्वभाव.

त्या वर्षी श्रावणात वेल्ह्याच्या डोंगरात पावसानं कहर केला. पासलीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीवर दरड कोसळली. कडा फुटल्याचा आवाज ऐकून माणसं बाहेर पळाली म्हणून जिवानिशी वाचली. घरं, भाताची खाचरं आणि गोठ्यातली काही गुरं मात्र चिखलाखाली गेली. पिण्याच्या पाण्याची विहीर बुजली. सगळी वाडी वरच्या माळावर, एका धनगराच्या झोपडीजवळ, पाल ठोकून राहिली होती.

आता भीती होती ती पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची. खाली मेलेली जनावरं, वर उघड्यावर माणसं. आमच्या डॉक्टरांना जाऊन बघायचं होतं की लोक पाणी कुठलं पितात, घाण कुठं करतात, आणि त्यांना काय काय लागेल.

"बायकांशी बोलायला बाईमाणूस हवं," डॉक्टर म्हणाले. मी लगेच हो म्हटलं. घरी सांगितलं तर सासूबाई कमरेला पदर खोचूनच उभ्या राहिल्या.

"येकली न्हाई जायची. म्या येनार संगं."

डॉक्टरांनी त्यांना समजावून पाहिलं. "काकू, डोंगर चढायचाय. चिखल आहे, जळवा आहेत."

"तुमी चढनार न्हवं? मंग म्याबी चढंन."

नसरापूरपर्यंत मोटार मिळाली, तिथून वेल्ह्यापर्यंत बैलगाडी. पुढं वाट पायाची. वेल्ह्याच्या पाटलांनी डॉक्टरांसाठी तट्टू दिलं होतं. डॉक्टरांनी त्यावर सासूबाईंना बसवलं आणि स्वतः लगाम धरून चिखलातून चालू लागले. डोक्यावर इरलं घेतलेल्या सासूबाई वरून त्यांनाच दटावत होत्या, "आवो, डबक्यातनं कशापायी जाताय? कडंनं चाला की!" डॉक्टर "हो काकू, हो काकू" करत कडेनं चालायचे. मला हसू आवरत नव्हतं.

माळावर पोचलो तेव्हा पाऊस जरा उघडला होता. डॉक्टरांनी आधी पाणी बघितलं. धनगराच्या झोपडीमागं खडकातून झरा वाहत होता, अगदी नितळ. त्या धनगरानं तो सगळ्या वाडीला मोकळा करून दिला होता आणि पाण्यात घाण नको म्हणून आपली मेंढरं खालच्या उताराला हलवली होती. डॉक्टरांनी पाणी चाखलं, भरलेल्या हंड्यांत जांभळं औषध टाकलं. मग पुरुषांना विचारलं, "परसाकडे कुठं जाता?" त्यांनी पायवाटेनं खाली ओढ्याकडं हात केला. झरा वर, ओढा खाली. डॉक्टर खूश झाले.

"पाण्याची ददात नाही. ओढ्याचं पाणी कुणी प्यायचं नाही, एवढं सांगून उद्या निघू," ते म्हणाले.

मी बायकांच्या पालात जाऊन बसले. एक बाळंतीण होती, कोवळी पोरगी. तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते. मूल ओढून ओढून दमायचं आणि रडायचं. मी तिला भांडं भरून पाणी दिलं. तिनं माझं मन राखायला एक घोट घेतला आणि भांडं खाली ठेवलं.

"तान न्हाई, बाई."

दुसरीला विचारलं, तिलाही तहान नव्हती. एक म्हातारी उठायला गेली ती भोवळ येऊन खाली बसली. अंग गार, ताप नाही, जुलाब नाहीत. हंडे काठोकाठ भरलेले आणि बायका कोरड्या. मला वाटलं, जांभळ्या औषधाचा वास आवडत नसेल. डॉक्टरांना तसं सांगितलं. त्यांनी औषध कमी केलं. तरीही कुणी पीत नव्हतं.

दुपार कलली तेव्हा माझीच पंचाईत झाली. मी सासूबाईंच्या कानात सांगितलं. त्यांचीही तीच अडचण होती. आम्ही दोघी निघालो. माळ नुसता तळहातासारखा उघडा. एका बाजूला दरडीचा घसरता चिखल, दुसऱ्या बाजूला मेंढरं राखणारे पुरुष, आणि ओढ्याच्या वाटेवर तर सारखी माणसांची ये-जा. आम्ही लांबवर गेलो, आणखी लांब गेलो, आणि तशाच परत आलो. सासूबाई एका दगडावर टेकल्या. चेहरा लालबुंद झाला होता.

त्या बाळंतिणीनं आम्हाला दमलेलं बघून तांब्या पुढं केला. "घ्या बाई, घोटभर घ्या."

"नको गं, तहान नाही," मी म्हणून गेले.

ती माझ्याकडं बघतच राहिली. मग फिसकन हसली. शेजारची हसली, भोवळ आलेली म्हातारीही तोंडाला पदर लावून हसली. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"दिसाचं पानी पिलं की दिसाचं जावं लागतंय," बाळंतीण हळू आवाजात म्हणाली. "अंधार पडंस्तवर कळ काढायची. काय करनार?"

डॉक्टरांना हे कसं सांगायचं, याचा मी विचार करत होते. सासूबाईंनी विचार वगैरे केला नाही. त्या तरातरा पुरुषांच्या घोळक्यात गेल्या.

"डाक्टर, तुमच्या पान्यात काय खोट न्हाई. आडोसा न्हाई म्हनून बाया पानी पीत न्हाईत. माजी सून बी पिली न्हाई. आन आता म्या बी पिनार न्हाई!"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. डॉक्टरांचे कान लाल झाले. पुरुष जमिनीकडं बघू लागले. मग वाडीतले सगळ्यांत वडीलधारे होते ते उठले.

"आमच्या ध्यानातच न्हाई आलं," ते म्हणाले, आणि त्यांनी पालात खोचलेला कोयता उपसला.

मग काय, सगळी माणसं कामाला लागली! उतारावरची कारवी तोडून आणली. डॉक्टरांनी झऱ्यापासून लांब, खालच्या अंगाला जागा धरली, चर खणायला सांगितला, उकरलेली माती काठावर ठेवून घेतली, दर वेळी वरून लोटायला. कारवीचे कूड विणून उभे राहिले. आडोशाचं तोंड पायवाटेकडं ठेवलेलं बघून बायकांत कुजबुज सुरू झाली. डॉक्टरांनी या खेपेला स्वतःहून विचारलं, "कुणीकडं हवंय?" बायकांनी कड्याकडं बोट दाखवलं. कूड उपटून पुन्हा रोवले. सासूबाई मधोमध उभ्या राहून, कुठं फट राहिली ते दाखवत होत्या.

सगळ्यांत आधी ती म्हातारी आत गेली. बाहेर आली, हात धुतले, आणि म्हणाली, "आता आना पानी." तिनं तांब्या तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला. मी जवळच उभी होते. काय झालं कोण जाणे, मला रडू आलं. सासूबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तूबी पी."

आम्ही आणखी काही दिवस राहिलो. पटकी आली नाही. बाळंतिणीला दूध फुटलं, मूल शांत झोपू लागलं. दिवाळीनंतर लोकांनी खाली सुरक्षित जागी घरं बांधली. कारवी कमी पडली तेव्हा पुरुष माळावरचे कूड काढायला निघाले, तर बायकांनी हातही लावू दिला नाही. नव्या घरांमागंही तसेच आडोसे करून घेतले.

पुढं नीरेला पूर येऊन सारोळ्याकडची माणसं उघड्यावर आली, तेव्हा डॉक्टर आमच्या दारात आले. मी दारात उभी होते, पण त्यांनी आत डोकावून हाक मारली, "काकू, येताय ना?"

सासूबाईंचं बोचकं बांधून होईपर्यंत माझ्या नवऱ्यानं दबकत विचारलं, "आई, तुम्ही दोघी गेल्यावर माझ्या जेवणाचं काय?"

"पीठ डब्यात हाय," असं म्हणून त्या माझ्याआधी उंबरा ओलांडून गेल्या.