ओसरीवरचा माझा कप

मला हेपटायटिस सी झाल्याचं कळलं तेव्हा मी बारामतीच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. अंगात त्राण नसायचं, तोंडाची चव गेली होती, म्हणून डॉक्टरांनी रक्त पुण्याला पाठवलं आणि तिकडून हे नाव आलं. शिक्षकांच्या खोलीत सांगितलं, तर एक सर म्हणाले, "सी म्हणजे क तुकडी. ए-बी पेक्षा ढच असणार, घाबरू नका." सगळ्यांबरोबर मीही हसलो. हातातला रिपोर्ट मात्र टेबलाखाली चुरगळत होतो.

लागण बहुधा रक्तातून झाली असावी. काही वर्षांपूर्वी लासुर्ण्याजवळ मी लुनासकट उसाच्या ट्रॉलीवर जाऊन आदळलो होतो. ट्रॉली उभी होती. तेव्हा दवाखान्यात रक्त चढवावं लागलं, आणि त्या काळी या विषाणूची तपासणी कोण करत होतं! पण आमच्याकडं लिव्हर म्हटलं की दारूच. मी जन्मात बिअरच्या बाटलीचं झाकण काढलेलं नाही, तरी कळंबच्या मेहुण्यानं मला कोपऱ्यात घेऊन हळूच विचारलं, "दाजी, कवापासनं घेताय?" न पिता एवढं नाव कमावणारा तालुक्यात मी एकटाच असेन. पुढच्या रविवारी तो दुधातून घ्यायची कसलीशी मुळी आणि कॅनभर उसाचा रस घेऊन आला. मुळी मी परत पाठवली. रस मात्र तो दर रविवारी आणत राहिला, मी जिवावर उदार होऊन पीत राहिलो आणि महिन्याभरात पँट कमरेला घट्ट झाली.

डॉक्टर शांत माणूस होते. म्हणाले, "लिव्हर अजून चांगलं आहे. दारू नको, झाडपाला नको, मनानं गोळ्या घेऊ नका. दाढीचं ब्लेड आणि टूथब्रश तेवढा दुसऱ्याला देऊ नका. अधूनमधून रक्त तपासत राहू. बाकी आहे तसं जगा. घरच्यांबरोबर एका ताटात जेवलात तरी काही होत नाही." त्यांचं म्हणणं खरं ठरलं, म्हणून तर हे लिहायला मी शिल्लक आहे.

रोग कसा पसरतो आणि कसा पसरत नाही, हे मी वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवायचो. पण लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! कन्हेरीला घरी पोचेपर्यंत डॉक्टरांचं ताट विसरलो, ब्लेड तेवढं लक्षात राहिलं. ब्लेड वेगळं, मग टॉवेल का नको? टॉवेल वेगळा, तर साबणानं काय पाप केलंय? बायकोचं नेलपॉलिश घेऊन मी माझ्या वस्तूंवर लाल ठिपके द्यायला बसलो. ताट झालं, वाटी झाली, तांब्या झाला. उत्साहाच्या भरात छत्रीलाही एक दिला. बायको म्हणाली, "कपाळावर पण लावून घ्या एक." मी दुर्लक्ष केलं. खरं सांगायचं तर माझं ते त्यागी रूप मला भारी आवडलं होतं. जेवायला मी ओसरीवर एकटा बसायला लागलो. चहाचा कप तिथंच खिळ्याला अडकवला. माझा मी विसळायचा, माझा मी अडकवायचा.

मुलगी तेव्हा पहिलीत होती. माझ्या ताटातलं खाल्ल्याशिवाय तिचं जेवण व्हायचं नाही. ते मी बंद केलं. दोन-चार दिवस ती रडली, मग माझ्या ताटाला लांबून वळसा घालून जायला लागली. वर्गातली पोरं इतक्या लवकर शिकली असती, तर माझ्या विषयाचा निकाल दरवर्षी शंभर टक्के लागला असता. पण एक दिवस मी हाक मारली तरी ती मांडीवर येईना, दारात उभी राहून बघत राहिली. तेव्हा मला कळलं. पायावर धोंडा मीच पाडून घेतला होता, आणि तो उचलायचा कसा ते सुचत नव्हतं.

बुद्धपौर्णिमेला वडील लासुर्ण्याहून आले. त्यांना सगळे आबाच म्हणतात. आम्ही दोघं ओसरीवर चहा पीत बसलो होतो. माझा कप अर्धा पिऊन मी खाली ठेवला होता. पाय लांब करायचे म्हणून आबांनी तो बाजूला सरकवायला हात पुढं केला. तोच आतून मुलगी ओरडत आली, "आबा, शिवू नका! तो बाबांचा आहे!"

आबांचा हात तिथंच थांबला.

त्यांच्या तरुणपणी हॉटेलात आमच्या लोकांचा कप बाहेर खिळ्याला अडकवलेला असायचा. चहा वरून ओतायचे. पिऊन झाला की ज्याचा त्यानं विसळून परत अडकवायचा. छप्पन्न साली धम्म घेतल्यावर आबा त्या हॉटेलाची पायरी पुन्हा चढले नाहीत. हे सगळं मला तोंडपाठ होतं. चौदा एप्रिलच्या भाषणात मी ते दरवर्षी सांगायचो, टाळ्याही मिळायच्या.

आबांनी भिंतीवरच्या खिळ्याकडं बघितलं. "ह्यो कप हितं भाईर खिळ्याला कुणी लावला?"

"मीच."

"सूनबाय म्हनली?"

"नाही."

"मग डाक्टर म्हनला?"

"ते म्हणाले, एका ताटात जेवलं तरी चालतं."

आबांनी लांब केलेले पाय जवळ घेतले. मग म्हणाले, "आमाला भाईर बसवाया सगळं गाव लागलं हुतं. तू एकट्यानंच केलंस व्हय रं?"

मला मान वर करवेना. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. आबांनी माझा कप उचलला आणि उरलेला चहा सावकाश पिऊन टाकला.

आता आबांना काय होतंय ते बघायला मुलगी डोळे मोठे करून उभी होती. आबांना काहीच झालं नाही. त्यांनी मिशा पुसल्या. मग ती माझ्याकडं वळली.

"बाबा, मग मी पण शिवू?"

"शीव की. कप काय, ताटसुद्धा घे," मी म्हणालो.

"कपाला नाही," ती म्हणाली. "तुम्हाला."

 मी नुसते हात पुढं केले.