कॅसेट भरून मिळेल

मस्तगडातल्या नामदेव काळबांडे यांच्या दुकानात भरून घेतलेली कॅसेट शेवटपर्यंत ऐकली, तर गाणी संपल्यावर थोडी खरखर यायची आणि मग नामदेवभाऊंचा बसका आवाज: "गाणी ज्याची त्याची. भरली नामदेव काळबांडे, मस्तगड, जालना. विचारून न्हाई भरली." रसवंतीवर, पिठाच्या गिरणीत, मंठ्याकडे जाणाऱ्या जीपमध्ये हा आवाज कानी पडायचा. लोक हसायचे आणि कॅसेट उलटी करायचे. चोरीचा माल विकणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. मालासोबत चोरीची कबुली देणारा हा एकच.

नव्वदीचं दशक होतं. दुकान म्हणजे एक अरुंद गाळा, दोन टेपरेकॉर्डर एकमेकांना वायरनं जोडलेले, आणि वर पाटी: 'कॅसेट भरून मिळेल'. गिऱ्हाइकानं कोरी कॅसेट आणि हव्या त्या गाण्यांची चिठ्ठी द्यायची, दोन दिवसांनी भरलेली कॅसेट न्यायची. नामदेवभाऊ पेन्सिल घालून फीत फिरवायचे, उरलेल्या फितीकडे डोळे बारीक करून बघायचे आणि अजून एक कडवं मावेल की पूर्ण गाणं हे सांगायचे. त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे. गाणं अर्ध्यावर तुटलेली कॅसेट ते गिऱ्हाइकाला देत नसत. "आणलंय दुसऱ्याचं, पण मोडून द्यायचं का?" असं त्यांचं म्हणणं.

मी तेव्हा कॉलेजात होते. माझे वडील शिक्षकांच्या संघटनेत होते, घरात धान्याच्या पोत्यांइतके पत्रकांचे गठ्ठे असायचे, आणि माझा ठाम समज होता की चांगल्या पत्रकापुढे कोणताही अन्याय फार काळ टिकत नाही. आम्ही चारजणींनी 'कलावंताच्या घामाची चोरी थांबवा' असं पत्रक काढलं. इतर दुकानदारांच्या हाती ते गुपचूप देऊन पळता आलं असतं. मी मात्र नामदेवभाऊंच्या दुकानात गेले आणि त्यांच्यासमोर उभी राहिले.

त्यांनी ते पूर्ण वाचलं. हेडफोन गळ्यात होता, तो काढून ठेवून वाचलं.

"ह्यात माझं नाव न्हाई टाकलं," ते म्हणाले.

"नाव टाकायची गरज नाही. शहराला माहीत आहे."

"शहराला म्हाईत हाय, पण मंठ्याच्या गिऱ्हाइकाला कसं कळंल?" मग पत्रकाच्या तळाशी बोट ठेवून म्हणाले, "ताई, ह्या चार ओळी कुणाच्या?"

तळाशी एका गाण्याच्या चार ओळी होत्या. मोर्च्यांत आम्ही त्या नेहमी म्हणायचो.

"चळवळीतलं गाणं आहे. ते सगळ्यांचं असतं."

"लिवणाऱ्याला इचारलं व्हतं का?"

मी ओळींखाली नाव शोधलं.

"मंग बसा. च्या घ्या. आपण एकाच धंद्यातली माणसं."

दुसऱ्या दिवशी ते पत्रक त्यांच्या काचेवर आतून चिकटवलेलं होतं, नाव पेनानं घातलेलं. त्यानंतर मी त्यांच्याशी भांडायला जात राहिले. ते मला पत्रकताई म्हणायला लागले. भांडण दर वेळी खरं असायचं. त्यांची ती चोरीच होती असं मी आजही म्हणते. गाणाऱ्याला न विचारता त्याचं गाणं विकणं याला दुसरा शब्द नाही, आणि गोड माणसानं केली म्हणून चोरी गोड होत नाही.

पुढे गल्ल्याशेजारी एक टीव्ही आला आणि व्हिडिओ गेमचा डबा. एकाच नकली डब्यात शेकड्यांनी खेळ असल्याची बढाई वर छापलेली, आत तेच सात-आठ खेळ फिरून फिरून यायचे. नामदेवभाऊंनी त्यावर कागद लावला: 'डबा नकली. खेळ परदेशी. टीव्ही आपला.' एका खेळात काळ्या झेंड्याचं जहाज होतं. शेजारच्या शिंप्यानं विचारलं, हे काय प्रकरण. मी सांगितलं, हे समुद्रातले चाचे, दुसऱ्यांची जहाजं लुटतात.

"आपल्या नामदेवसारखे," शिंपी म्हणाला.

"त्यांना पाणी तरी हाय," नामदेवभाऊ म्हणाले. "आम्ही कोरडवाहू चाचे."

एकदा मी त्यांना विचारलं, कबुली द्यायचीच तर चोरी का करता, आणि चोरी करायचीच तर कबुली कशाला. त्यांचे वडील धनगर, मेंढरं घेऊन तीर्थपुरीपासून मंठ्यापर्यंत फिरलेले. त्यांची रीत नामदेवभाऊंनी मला सांगितली. दुसऱ्याचं चुकार मेंढरू आपल्या कळपात आलं, तर पुढच्या गावाच्या पारावर उभं राहून ओरडून सांगायचं. धनी सापडेपर्यंत चारायचं, आणि चारण्याबद्दल त्याची लोकर कापून घ्यायची. "बाप म्हणायचा, लोकर कापा, पण कानावरची धन्याची खूण बदलू नका. खूण बदलली की तुम्ही धनगर न्हाई, लांडगा." मग ते म्हणाले, "म्या बी लोकर कापून राह्यलो, ताई. थोडी जास्तच."

ही सबब मला तेव्हाही पटली नव्हती. पण या एका रीतीसाठी ते किती लांब जातील, हे पुढे भिवाजीच्या प्रकरणात दिसलं.

भिवाजी हा मंठ्याजवळच्या वाडीतला म्हातारा धनगर, ओव्या म्हणणारा. सबंध कथा तोंडपाठ, आवाज माळावरून पलीकडच्या टेकडीला लागेल असा. बाजारात त्याला ऐकून नामदेवभाऊंनी त्याला दुकानात आणलं, शटर ओढलं, भिंतींना घोंगड्या टांगल्या आणि त्याच्या ओव्या टेप केल्या. त्या कॅसेटच्या शेवटी मात्र वेगळं वाक्य होतं: "ओव्या भिवाजीच्या. विचारून भरल्या." कॅसेट भिवाजीच बाजारांतून विकायचा. पटक्यात कॅसेटी बांधून तो मंठ्याला येई आणि गिऱ्हाइकाला आवाज पटेना तर तिथंच एक ओवी म्हणून दाखवी.

वर्षभरानं लांबच्या शहरातल्या एका कंपनीची कॅसेट बाजारात आली. आवाज भिवाजीचा, ओव्या त्याच, मागं बेंजो वाजतोय. वर नाव भलत्याच गायकाचं, आणि खाली 'सर्व हक्क राखीव'. थोड्या दिवसांनी त्या कंपनीचा माणूस पोलीस घेऊन मंठ्याच्या बाजारात उतरला. आमच्या कॅसेटची नक्कल विकतो म्हणून त्यानं भिवाजीला पकडून दिलं. मग नामदेवभाऊंनाही ठाण्यात बोलावलं. मलाही बोलावलं, कारण त्या माणसानं फौजदारांच्या टेबलावर माझं पत्रक ठेवलं होतं. गावातले जागरूक तरुणही या चोरीविरुद्ध आहेत, हे दाखवायला.

मी गेले तेव्हा भिवाजी बाकाच्या कडेला अंग चोरून बसला होता. समोर एक कागद होता: या ओव्या माझ्या नाहीत, मी यापुढे त्या कुठंही म्हणणार नाही, विकणार नाही. खाली अंगठ्याची जागा. अंगठा दिला की सुटका.

"देऊन टाकतो, बाई," तो मला म्हणाला. "मेंढरं सुनेच्या भरवशावर टाकून आल्तो. कागदावर काय का असंना."

"अंगठा द्यायचा न्हाई," नामदेवभाऊ म्हणाले. मग फौजदारांकडे वळले. "साहेब, दोन्ही कॅसेटी ऐका. आमच्यात बेंजो न्हाई. बेंजो घालता येतो, काढता येत न्हाई. मंग अस्सल कोणची?"

कंपनीचा माणूस तयारीचा होता. भिवाजीनं आमच्या स्टुडिओत पैसे घेऊन गायलं, नाव आम्ही खपावं म्हणून दुसरं छापलं, आणि बेंजो चढवण्याआधीची टेप यांनी आमच्याकडून पळवली, असं तो म्हणाला. फौजदारांनी विचारलं, तुमच्या दुकानातच टेप केल्याचा पुरावा काय.

"हाय. पहिली टेप घरी हाय. आणतो."

एका शिपायाला त्यांच्याबरोबर धाडायचं ठरलं. शिपाई तोंड धुऊन यायला गेला तेवढ्यात नामदेवभाऊंनी मला व्हरांड्यात सांगितलं की अडचण आहे. भिवाजीला आणलं त्या दिवशी दुकानात कोरी कॅसेट नव्हती. म्हणून सिनेमाच्या गाण्यांच्या एका जुन्या कॅसेटच्या मागच्या बाजूला ओव्या टेप केल्या होत्या. पुढच्या बाजूला ती गाणी अजून होती, आणि शेवटी त्यांच्याच आवाजातली कबुली. इतकी वर्षं ते वाक्य गिऱ्हाइकांनी हसण्यावारी नेलं होतं. ठाण्यात ते वाजलं, की गुन्हा.

मी लगेच म्हणाले, "घरी गेल्यावर पुढची बाजू पुसून टाका. शिपाई बाहेरच थांबेल. अर्ध्या तासाचं काम आहे."

हे मी म्हणाले. चोरी थांबवा असं छापणारी मी.

नामदेवभाऊंनी मान हलवली. "पुसलेली टेप घेऊन आलो तर ते म्हणतील, एक बाजू पुसली, दुसरी बी बनवून आणली असंल. आन बराबरच म्हणतील." मग म्हणाले, "तुमी पत्रकच लिवा ताई. धंदा तुमच्यानं व्हायचा न्हाई."

टेप आली. हवालदारानं ती घातली ती नेमकी पुढची बाजू. गाणं वाजलं, ओव्या शोधत त्यानं फीत पुढं पळवली, खरखर, आणि सगळ्या ठाण्यानं ते ऐकलं: विचारून न्हाई भरली. हवालदार हसला. कंपनीचा माणूस हसला. नामदेवभाऊ म्हणाले, "आता पलटा."

पलीकडच्या बाजूला आधी घोंगडी ओढल्याचा आवाज, मग भिवाजी विचारतोय, "ह्या डब्याकडं तोंड करू का तुझ्याकडं?" नामदेवभाऊ: "डब्याकडं. म्या काय सुंदर हाय?" मग शेजारच्या शिंप्याला मशीन बंद करायला सांगितल्याचं ऐकू येतं, मशीन थांबतं, आणि कुठंही न तुटता त्याच दमात पहिली ओवी सुरू होते. बाजारात गेलेल्या कॅसेटींतून ही बोलणी कापलेली होती. कंपनीकडे ती असणं शक्य नव्हतं.

भिवाजी बाकावरून उठला आणि टेपच्या जवळ जाऊन उभा राहिला. कडवं अर्ध्यावर आलं तेव्हा तो टेपबरोबर म्हणायला लागला. त्याला कुणी थांबवलं नाही. ओवी संपल्यावर फौजदारांनी अंगठ्याचा कागद उचलून कंपनीच्या माणसापुढे सरकवला आणि हा तुमच्याकडेच ठेवा म्हणाले. भिवाजीच्या कॅसेटी त्याला परत मिळाल्या. त्याच टेबलावर दुसरा कागद आला, तो नामदेवभाऊंच्या चोरीच्या कबुलीचा होता. त्यांनी त्यावर सही केली. दोन्ही टेपरेकॉर्डर, टीव्ही, सिनेमाच्या गाण्यांच्या सगळ्या कॅसेटी जप्त झाल्या आणि गाळ्याला कुलूप लागलं. ते दुकान पुन्हा उघडलं नाही. पुढे ते मंठ्याच्या रस्त्यावर रेडिओ दुरुस्त करत बसायचे, आणि या शतकाच्या सुरुवातीला छातीच्या दुखण्यानं गेले. भिवाजी शेवटपर्यंत स्वतःच्या ओव्या म्हणत राहिला.

ठाण्यातल्या त्या प्रकारानंतर आठवडाभरात मी नवं पत्रक लिहिलं. कंपनीनं भिवाजीची ओवी कशी पळवली आणि एका साध्या पण थोर दुकानदारानं ती कशी सोडवली, असं. कच्चा मजकूर नामदेवभाऊंना दाखवायला त्यांच्या घरी नेला. त्यांनी पूर्वीसारखाच पूर्ण वाचला.

"पहिली बाजू कुठं हाय?"

"ती आता काढायची कशाला? तुमचं दुकान गेलं, पुरे झालं."

"ताई, निम्मीच फीत वाजवून राह्यल्या तुमी. थोर बीर खोडा. काय केलं ते लिवा."

मी भांडले. लोक कंपनीचं विसरतील आणि तुमचंच बोलत बसतील, असं सांगितलं. ते हलले नाहीत. मी 'थोर' खोडला आणि सुरुवातीलाच लिहिलं की मस्तगडचे नामदेव काळबांडे यांनी वर्षानुवर्षं न विचारता गाणी विकली, आणि ती चोरी होती. मग कंपनीचं, मग भिवाजीचं.

बाजाराच्या दिवशी आम्ही मंठ्याला पत्रकं वाटायला उभे राहिलो. नामदेवभाऊंनी माझ्या हातातला अर्धा गठ्ठा घेतला. एका शेतकऱ्यानं तिथंच उभ्या उभ्या वाचायला सुरुवात केली, पहिल्या ओळीशी थांबला आणि त्यांनाच विचारलं, "हा नामदेव काळबांडे कोण हो?"

"मीच त्यो," नामदेवभाऊ म्हणाले. "तुमी पुढं वाचा. भिवाजीचं खाली हाय."