डब्ल्यू दाबण्याआधी

अफजल,

माझ्या वर्गात तू पाठांतरात पहिला, आणि अर्थ विचारला की खिडकीबाहेर बघायचास. पस्तीस वर्षांनी जळोचीच्या तुझ्या दुकानात आले, तरी तेच. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करता करता तू कॉम्प्युटर उघडायला शिकलास, याचं मला कौतुक आहे. पण डिस्कचे भाग पाडायची ती एफडिस्क आज्ञा तू पाढ्यासारखी म्हणतोस. डी, एन, डब्ल्यू; मधे श्वास नाही.

माझ्या मशिनमध्ये नवी डिस्क बसवून तिचे दोन भाग करायचे होते. जुनीवर मी गावोगावच्या बायकांची बोलणी रेकॉर्ड करून ठेवलेली. दुसरी प्रत नाही, हा गाढवपणा माझा.

तू डी दाबलंस.

"म्हणजे काय केलंस?"

"जुना भाग काढला, बाई. आता नवा पाडायचा."

"कोऱ्या डिस्कला जुना भाग कुठला?"

"असतंय कंपनीचं कायतरी. चहा घ्या तुमी."

"तुझ्या वहीत पी म्हणजे यादी असं लिहिलंय. ते दाब आणि आकार वाच."

"पाचशे जीबीची हाय."

"आणि नवी केवढी आणलीस?"

तुझं बोट हवेतच राहिलं. गिऱ्हाइकांच्या मशिनला एकच डिस्क, म्हणून हात सवयीनं पहिलीवर गेला होता. माझ्या जुनीवर.

"गेलं सगळं?"

"न्हाय बाई. मोजणीवाल्यानं नकाशावरची रेघ पुसली, रानातला बांध जागेवरच हाय. डब्ल्यू दाबलं की पक्कं, मग बांध मोडंल. क्यू दाबलं की नकाशा फाडून घरी."

"म्हणजे तुला कळतं. मग वाचत का नाहीस? मेहबूबबी आहे त्यात. जायच्या आदल्या वर्षी निरवांगीला माझ्या ओट्यावर बांगड्यांची पेटी उघडी टाकून तुझी आई चाळीस मिनिटं बोलली. तुझ्याबद्दलही, आणि फारसं चांगलं नाही."

तू क्यू दाबलंस. मग दर ओळ मोठ्यानं वाचत नवी डिस्क नीट केलीस. शाळेत असं वाचला असतास तर माझा घसा वाचला असता. सगळी रेकॉर्डिंगं तिच्यावर उतरवलीस, एकही न उघडता.

"काय म्हनली ती?"

"लावते की."

"आत्ता नको. गिऱ्हाईक हायती."

दुकानात मी एकटीच होते.

"रविवारी निरवांगीला येऊन तिच्या बोलन्याची माझी प्रत घिऊन जातो," म्हणालास. तेव्हा दिवाळी यायची होती. आता ऊस तोडून झाला. काल फोन केला तर म्हणतोस, "या रविवारी नक्की, बाई."