दारावरचा मोहोर

घरात हे कुणालाच ठाऊक नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही — आणि बहिणीला मी काय सांगत नाही? सासूशी उडालेला खटका, दुखणारी दाढ, सगळं तिच्या कानावर घालते. हे नाही घातलं. काल शाळेत निरोप आला, वसंत पंचमीला वर्गांची दारं सजवायची आहेत, आणि तेव्हापासून माझा जीव एका जागी ठरत नाहीये. सकाळी भाजीत दोनदा मीठ घातलं. दार सजवायचं म्हटलं की दरवर्षी माझं असंच होतं.

तुम्ही मला ओळखत नाही, तेच बरं आहे. ओळखीच्या माणसाला हे सांगायला माझी जीभ रेटली नसती.

माझी पहिली नेमणूक समुद्राकडच्या एका गावात झाली. माझं माहेर त्याच जिल्ह्यातल्या नांदगावचं, हायवेलगतचं, त्यामुळे ते गाव मला फार लांबचं वाटायचं. रात्री टेकडीवरून रेडी बंदरातल्या बोटींचे दिवे दिसायचे. शाळा दोन खोल्यांची. पहिली-दुसरी गुरुजींकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. शाळेला लागून चिऱ्यांचा गडगा, म्हणजे बुटकी भिंत, आणि गडग्यापलीकडे दाजींची हापूसची बाग. दाजी म्हणजे गावातले वजनदार गृहस्थ, मानाचा नारळ त्यांच्या हातात असायचा. बागेची राखण करायला नेपाळहून आलेलं तिघांचं कुटुंब पंपाच्या खोलीत राहायचं. त्या माणसाला सगळे बहादूर म्हणत. त्याची मुलगी सरिता माझ्या वर्गात चौथीत होती. तीन हंगाम इथे काढल्यामुळे मालवणी अशी बोलायची की तिच्यापुढे माझीच मालवणी पातळ वाटायची.

तर त्या वर्षी तालुक्याचे साहेब दारं बघून नंबर काढायला येणार होते. सोमवारी. गुरुजींच्या बायकोने त्यांच्या दारासाठी सुरंगीच्या फुलांचे वळेसार, म्हणजे गजरे, केले होते, खरे, वास आख्ख्या व्हरांड्यात. माझ्या मुलांनी मोहोर केला होता. माडाच्या झावळीचे हीर घेतले, त्यांना डिंक लावला आणि हळदीत रंगवलेला रवा त्यावर चिकटवला. आठवडाभर पोरं खपत होती. माझा सगळा वर्ग पिवळा, बाकं पिवळी, माझी साडीही पिवळी झाली होती. शनिवारी शाळा सुटताना आम्ही ते हीर दाराच्या चौकटीला बांधले. सरिता मागे सरकून बघत म्हणाली, "बाई, आमचो मोहोर बरो दिसता, नाय?"

मी म्हटलं, छान दिसतोय. मला छान वाटत नव्हता. मला तो रव्याचाच वाटत होता.

रविवारी दुपारी मी पुन्हा शाळेत गेले. हिरांना मुंग्या लागल्या होत्या — हे खरं आहे, पण झटकता आल्या असत्या, हेही खरं आहे. मी इतकी वर्षं मनातल्या मनात सगळं त्या मुंग्यांवर ढकलत आले. मुंग्यांनी काय केलं होतं? मला गुरुजींचं दार खुपत होतं. नवीन आलेल्या बाईला काही येत नाही, असं त्यांची बायको पाणवठ्यावर बोलली होती म्हणे. ते ऐकल्यापासून मी नुसती धुमसत होते.

आता, मोहोर तोडायचा नसतो हे आमच्याकडे वेगळं सांगावं लागत नाही. शिकून कळतं असं नाही, ते घरातच कळतं. आमच्या आंब्याच्या दोन कलमांखाली खेळताना चेंडू मोहोरात गेला तरी आई धपाटा घालायची. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं मी म्हणूच शकत नाही. मुंबईची असते तर म्हणाले असते.

मी गडग्यापाशी उभी राहिले आणि बहादूरची हाळी बागेच्या कुठल्या टोकाकडून येते ते ऐकलं. तो वानरं हाकलत पार खालच्या अंगाला गेला होता. ते ऐकल्यावरच मी गडगा ओलांडला. बघा, इतका विचार केला होता मी. पहिलंच कलम ठेंगणं, मोहोराने वाकलेलं. चार तुरे घ्यायचे होते — चारच, खरंच. तुरा ओढला, सुटेना. चपला काढल्या, बुंध्याच्या बेचक्यात पाय रोवला आणि सगळा भार टाकून ओढलं. आणि फांदी खोडापासून फाटत खाली आली. सालीसकट. त्याचा आवाज मोठा नव्हता. पण मला वाटलं, गावभर ऐकू गेला.

वर बघते तर पंपापाशी सरिता. पुढ्यात खरकटी भांडी, हातात काथ्या. माझ्याकडे बघत होती. मग तिने राखेचे हात जोडले आणि वर्गात म्हणतात तसं हळू म्हणाली, "नमस्ते बाई." मीसुद्धा मान हलवली. काय करणार होते? फांदी उचलली आणि गडग्यावरून अलीकडे टाकली.

रव्याचे हीर खोक्यात घालून कपाटावर ठेवले. दाराला खरा मोहोर चढवला. चौकट भरून गेली, वरून पानं, खाली तुरे. मला आनंद झाला, हेही सांगून टाकते. भीतीपेक्षा आनंदच जास्त होता.

सोमवारी साहेबांनी दारापुढे उभं राहून फोटो काढून घेतले. नैसर्गिक साहित्याचा उत्तम वापर, असं शिक्षकांच्या ग्रुपवर आलं. मुलं आत येताना दाराकडे बघत होती, आपला मोहोर कुठे गेला म्हणून. मुंग्या लागल्या, टाकून दिला, असं मी सांगितलं. सरिता दाराकडे न बघता आपल्या जागेवर जाऊन बसली. दुपारपर्यंत मोहोर उन्हाने मलूल झाला आणि तुऱ्यांमधून भुगा गळायला लागला. तेवढ्यात दाजी आले. गडग्याच्या कडेकडेने, खाली पडलेली पानं बघत, थेट माझ्या दारापर्यंत.

"बाई, ह्यो मोहोर खयसून इलो?"

मी म्हटलं, "मुलांनी आणला."

एवढंच. नाव घेतलं नाही मी कुणाचं. किती वेळा स्वतःला हे सांगितलंय — नाव नाही घेतलं. पण त्या बागेत राहणारं एकच मूल माझ्या वर्गात होतं, आणि ते दाजींना जितकं ठाऊक होतं तितकंच मलाही होतं. मग नाव घ्यायचं बाकी काय राहिलं?

त्या कलमाचे पहिले आंबे ग्रामदेवतेला जायचे. म्हणून दाजींनी आरडाओरडा केला नाही, ते देवळात गेले. आमच्याकडची ही रीत तुम्हाला माहीत असेल-नसेल. चोरी झाली, कुणी नुकसान केलं, की देवापुढे गाऱ्हाणं घालतात. मानकरी देवाला सगळं सांगतो, ज्याने केलं त्याला बघून घे म्हणतो, आणि जमलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. सगळ्यांनी म्हणायचं असतं. मला दाजींनीच बोलावलं. शाळेतला विषय आहे, बाई हव्यात.

बहादूर आला होता, स्वच्छ सदरा घालून, सरिताला पुढ्यात धरून. तोच आपणहून म्हणाला होता की घाला गाऱ्हाणं, माझ्या घरचं कुणी नाही. त्याचा आपल्या माणसांवर केवढा विश्वास होता. मी समोरच्या बाजूला बायकांत उभी. मानकऱ्यांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराच्या कलमाची खांदी जेणा कोणी मोडल्यान असात, तेका तुझ्या नजरेतसून सोडू नको रे म्हाराजा."

व्हय म्हाराजा. सगळं देऊळ म्हणालं. बहादूर सगळ्यात मोठ्याने म्हणाला. मी म्हटलं. पुटपुटले नाही, स्पष्ट म्हटलं, वर्गात कविता म्हणून दाखवते त्या आवाजात.

सरिता म्हणाली नाही. तिने ओठ आत ओढून घट्ट दाबून धरले होते आणि ती माझ्याकडे बघत होती. मानकऱ्यांनी पुन्हा म्हटलं, पुन्हा सगळे बोलले, ती नाही. तेव्हाच कळलं मला ती का बोलत नाही. गाऱ्हाणं कुणावर जाणार आहे हे तिला ठाऊक होतं, म्हणून. नऊ-दहा वर्षांचं पोर, देवाचा सगळा धाक मनात घेऊन, बाईंना काही होऊ नये म्हणून गप्प उभं होतं.

दाजींनी एवढंच पाहिलं, की ती गप्प आहे.

"कित्याक गो गप रवलंस?" त्यांनी विचारलं. ती बोलली नाही. बापाने विचारलं, आधी मालवणीत, मग त्यांच्या भाषेत. तरी नाही. मग बापाने सगळ्यांदेखत तिच्या तोंडात मारली. तिने गालाला हातसुद्धा लावला नाही.

आणि मी? इथपर्यंत आलेय तर पुढचंही सांगते, खरं तर तेच सगळ्यात वाईट आहे. मी पुढे झाले, तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, "जाऊ दे हो दाजी. लहान आहे ती. चूक होते मुलांकडून." बायका माझ्याकडे कौतुकाने बघायला लागल्या. बायचा मन मोठा, असं कुणीतरी मागून म्हणालं. सरिता माझ्या हाताखाली लाकडासारखी ताठ उभी होती. तिच्या केसांना मोहरीच्या तेलाचा वास येत होता.

दाजींनी त्यांना ठेवलं नाही. ऐन हंगामात, मोहोराला कणी, म्हणजे बारीक फळ, धरत असताना, ती तिघं सामान घेऊन गेली. वर्गात तिची वही नाही राहिली, चप्पल नाही, काही नाही. कपाटावर ते खोकं तेवढं होतं. त्यातला रवा मुंग्यांनी नेला, हीर राहिले, ते मी झाडूवाल्या मावशींना देऊन टाकले. आमच्या दाराला पहिला नंबर मिळाला. प्रमाणपत्र घेताना मी हसले आहे, तो फोटो अजून आहे.

पुढे कुणीतरी सांगितलं, ती माणसं बांद्याला काजूच्या कारखान्यात आहेत. बांद्याला माझी नणंद राहते. कितीदा गेले मी तिथे. बाजारात तिच्यासारखी एखादी मुलगी दिसली की मी दुसऱ्या दुकानात शिरायची. कारखाना कुठे आहे, असं एकदाही कुणाला विचारलं नाही. विचारायला काय लागतं?

मला काहीही झालं नाही. नोकरी कायम झाली, लग्न झालं, मुलगा झाला, तो धडधाकट आहे. आजारपण नाही, अपघात नाही. आधी वाटायचं, देवबीव काही नसतं. मग मुलाला पहिल्यांदा ताप आला आणि मी रात्रभर त्याच्या उशाशी बसून राहिले, तेव्हा कळलं की मी वाट बघत होते. अजून बघते. त्याला शिंक आली तरी बघते.

गाऱ्हाण्याला देवळातल्या सगळ्यांनी होकार द्यायचा असतो. त्या दिवशी एकीने दिला नाही. माझं सगळं जिथल्या तिथे आहे ते तिने तोंड उघडलं नाही म्हणून, असं मला वाटतं, आणि ते तिला कधी कळणार नाही.

उद्या दार सजवायचं आहे. क्रेप कागद आणलाय, पिवळा.