तव्यावर वाळवलेला रंग

सासऱ्यांचं वर्षश्राद्ध झालं आणि घराला रंग द्यायचा विषय मीच काढला. दुखवट्याच्या वर्षात भिंतींना हात लावायचा नसतो, म्हणून तोवर गप्प होते. खरं कारण मात्र वेगळं होतं. सासरे गेल्यापासून सासूबाई मागच्या पांढऱ्या खोलीतच बसून असायच्या. त्यांचं ताटही तिकडेच जायचं. घर जरा उजळलं तर त्या आमच्यात येऊन बसतील, असं माझ्या मनात होतं. रंगानं माणूस हलत नसतं, असं नवरा म्हणाला. त्याचं मी नेहमीप्रमाणे या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं.

रंग मी मोबाइलवर हेरून ठेवला होता. पीच. ते फळ आमच्या धारूरच्या बाजारात मी कधी पाहिलं नव्हतं, खाणं तर दूरच. फोटो घेऊन सासूबाईंकडे गेले, तर त्यांनी नुसती नजर टाकली.

"तुमच्या खोल्यांना काय लावायचं ते लावा," त्या म्हणाल्या. "माझी पांढरीच राहू द्या. मला आता कशाला रंग?"

माजलगावच्या दुकानातून मशीनवर मिसळलेला रंग आणला. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तो अगदी फोटोतल्यासारखा दिसला होता. बैठकीच्या भिंतीवर पहिला हात वाळला आणि माझं तोंडच उतरलं. सगळी भिंत दंतमंजन फासल्यासारखी गुलाबी. एकदा मिसळलेला रंग दुकानदार परत घेत नाही, असं पेंटरनं सांगितलं. पिवळा घालून सुधारता येईल, पण किती घालायचा ते त्यालाही नक्की सांगता येईना. मी पेंटरवर चिडले, नवऱ्यावर चिडले. चूक माझीच होती, म्हणून जरा जास्तच चिडले.

माझा आवाज ऐकून सासूबाई दारात आल्या. भिंतीकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग परसातून फुटक्या माठाचं एक खापर घेऊन आल्या, पेंटरकडून त्याला पांढरा हात मारून घेतला आणि वाटीभर रंगात पिवळ्याचे थेंब मोजून टाकायला लावले. पेंटरनं तो रंग खापरावर ओढला आणि जमला म्हणाला.

"वल्ला रंग खोटं बोलतो, बाबा. वाळू दे," सासूबाई त्याला म्हणाल्या.

माझ्या भाकरी नुकत्याच झाल्या होत्या. त्या कोमट तव्यावर त्यांनी खापर ठेवलं. वाळल्यावर ते गुलाबीच निघालं. पुन्हा थेंब, पुन्हा तवा. पूर्वी चुन्यात लाल गेरू आणि पिवळी पिवडी कालवून घरातले सगळे रंग त्याच करायच्या, हे मला त्या दुपारी कळलं. लग्नाला बारा वर्षं झाली आणि मी कधी विचारलंही नव्हतं, याची लाज वाटली. पाचव्या-सहाव्या वेळी त्यांनी खापर खिडकीत धरलं, मग बोळातल्या अंधारात, मग माझ्या गालाशी. बास, म्हणाल्या.

दोन दिवसांनी बैठक पुरी झाली. उतरतं ऊन दारातून आत आलं आणि मी उंबऱ्यावरच थबकले. भिंती आतून उजळल्यासारख्या दिसत होत्या. शेतावरून आलेल्या नवऱ्याचं रापलेलं तोंडही लग्नघरातल्यासारखं दिसत होतं. साठी उलटलेल्या बाईच्या डोळ्यांना, मशीनला जे जमलं नाही ते कसं दिसलं असेल? तेही वर्षभर नुसता पांढरा रंग बघितलेल्या डोळ्यांना.

हे त्यांना सांगावं म्हणून मी चहा घेऊन मागे गेले. त्या पलंगावर नव्हत्या. भिंतीजवळ उभ्या राहून, ते खापर त्यांनी पांढऱ्या चुन्याला टेकवून धरलं होतं. माझी चाहूल लागली तरी वळल्या नाहीत.

"हितं ऊन येत न्हाई," त्या म्हणाल्या. "पिवळा जरा जास्त लागंल."