एल्डर मेल्विनचं गुरुवारचं मरण

माझा मुलगा तीन आठवड्यांनी, गुरुवारी मरणार आहे, ही बातमी त्याने मला स्वतःच दिली. सोमवारी सकाळी सव्वासहाला, फोनवर, हसत हसत.

मी त्या वेळी उकडलेलं अंडं सोलत होतो. ते पुढे खाल्लं की नाही, हे मला आजही आठवत नाही. (फिलू म्हणते, "खाल्लंत. दोन खाल्लीत.")

फिलू म्हणजे माझी बायको, फिलोमिना. आम्ही मूळचे वसईचे, पण बावीस वर्षं झाली, ओमानात आहोत. घर अल हैलला. फिलू एका भारतीय शाळेत गणित शिकवते आणि मी एसी बसवणाऱ्या एका कंपनीत पत्रव्यवहार बघतो. इंग्रजीतलं कुठलंही अवघड पत्र आलं की आमचा अर्बाब, म्हणजे ओमानी मालक, ते आधी माझ्या टेबलावर पाठवतो. "सायमनला विचारा, याचा खरा अर्थ काय?" इंग्रजी शब्दाच्या पोटात शिरून मी अर्थ बाहेर काढतो, असा माझा लौकिक आहे. निदान होता.

मेल्विन आमचा एकुलता एक. इथेच वाढला, त्यामुळे मराठी बोलताना बाई-पुरुष हा भेद तो मानत नाही. "मम्मी आला, डॅडी गेली." कॉलेजला बंगळुरूला पाठवला, तर तिथे मित्रांबरोबर प्रार्थनेला जाता जाता कॅथलिकाचा मॉर्मन झाला, एका अमेरिकी ख्रिस्ती पंथाचा! लोकांची मुलं कॉलेजात जाऊन नको ते पिऊ लागतात. आमच्या मुलाने चहासुद्धा सोडला! मग विसाव्या वर्षी, दोन वर्षांच्या धर्मसेवेसाठी, थेट फिलिपिन्स. पांढरा शर्ट, काळा टाय आणि छातीवर पट्टी: 'एल्डर'. एल्डर म्हणजे वडीलधारा! ज्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत, तो वडीलधारा!

मी फार चिडलो होतो. तो निघाला त्या दिवशी विमानतळावर मी त्याला एवढंच विचारलं, "आपल्या घरात देव कमी पडला होता का रे?" त्यानंतर आमच्यात धड बोलणं झालं नाही. त्याला आठवड्यातून एकदा, सोमवारी, घरी फोन करायची मुभा होती. फिलू तासभर बोलायची. मी शेजारच्या खुर्चीत पेपर वाचायचो. शेवटी फोन माझ्याकडे यायचा, मी विचारायचो, "जेवलास का?" तो म्हणायचा, "हो." की फोन परत फिलूकडे. अशी दोन वर्षं गेली. त्याची सेवा संपायला आली होती.

त्या सोमवारी फिलूला परीक्षेची ड्युटी होती. ती सहालाच बाहेर पडली आणि फोन वाजला.

"डॅडी? मम्मी कुठे गेला?"

"शाळेत. परीक्षा आहे."

मी अंड्याचं टरफल बशीत टाकलं.

"जेवलास का?"

"हो."

एरवी इथे मी फोन पुढे देतो. आज घ्यायला कोणी नव्हतं! मी घसा साफ केला. "मग... काय विशेष?"

फोनच्या पडद्यावर त्याचा चेहरा एकदम उजळला. "डॅडी, मी थ्री वीक्सनी मरणार! थर्सडेला!"

"काय?"

"मरणार! आय ॲम डाइंग! आणि ही बघ, ही मला मारणार!" त्याने फोन वळवला. ही म्हणजे एक मिशीसुद्धा न फुटलेला, टाय लावलेला फिलिपिनो मुलगा होता. त्याने हात हलवून अतिशय नम्रपणे इंग्रजीत सांगितलं, "गुड मॉर्निंग! तुमच्या मुलाला मारण्याचा मान मला मिळाला आहे!"

"कोण आहे हा?" मी ओरडलो.

"माझी मुलगा, डॅडी! माय सन!"

आणि तिथेच चित्र गोठलं. दोघंही दात काढून हसतायत, अशा अवस्थेत. मी आठ वेळा फोन लावला. लागला नाही.

एखादा साधा माणूस असता, तर त्याने बायकोला शाळेत फोन करून विचारलं असतं. पण मी इंग्रजीचा जाणकार! मी शब्दांच्या पोटात शिरलो. 'आय ॲम डाइंग टु कम होम', म्हणजे घरी यायला जीव तळमळतोय, असं इंग्रज म्हणतात, हे मला ठाऊक होतं. पण तळमळणाऱ्या जिवाला वार नसतो. याने तर गुरुवार सांगितला! म्हणजे आजार. डॉक्टरांनी मुदत दिलेली. हसत होता, म्हणजे देवाची इच्छा मान्य केलेली. तो दुसरा मुलगा... तो कुठे बसतो, ते काही जुळेना. विसाव्या वर्षी गेलेल्या माणसाला दोन वर्षांत टाय लावणारा मुलगा कसा होईल? तेवढा भाग मी नंतर समजून घेण्यासाठी बाजूला ठेवला.

फिलूला सांगायचं नाही, हे मी पहिल्या मिनिटात ठरवलं. तिला ब्लडप्रेशर आहे. मी एकट्याने हे दुःख गिळायचं ठरवलं आणि ते गिळत गिळत खाली पार्किंगपर्यंत पोचलो. तिथे सावंत भेटला.

सावंत आमच्या खालच्या मजल्यावर राहतो. मालवणकडचा, एका गॅरेजात सुपरवायझर. मेल्विनला सायकल शिकवली ती यानेच.

"काय रे सायमन, तोंड असा कित्याक केलंस?"

मी सांगितलं. सावंतने गाडीच्या बोनेटवर हात टेकला.

"कोणी सांगल्यान?"

"त्यानेच."

"तेनाच? हसत हसत?"

"हसत हसत."

"अरे, मगे तो संत झालो रे!" सावंतच्या डोळ्यांत पाणी. "तेका सायकल शिकवताना ढोपर फुटला, तेव्हाही हसतच होतो तो झील."

"कोणाला सांगू नकोस. फिलूला माहीत नाही."

"माझ्या तोंडातसून चकार शब्द भायर पडाचो नाय!"

संध्याकाळी मी परतलो, तेव्हा वॉचमनने उठून माझी बॅग उचलली. बावीस वर्षांत पहिल्यांदा!

घरी फिलू जमिनीवर बसून नवीन चादरींच्या घड्या उलगडत होती. "बोललात का मेल्विनशी? कसा आहे?"

"बरा... बराच आहे तसा. मग लाइन गेली."

"आता काय, तीनच आठवडे! गुरुवारी तिकडून निघणार, शुक्रवारी दुपारी इथे. ही निळी चादर घालू की पांढरी?"

गुरुवार हिलाही कळवला होता! पण बिचारीला वाटत होतं, तो विमानाचा गुरुवार आहे! आणि शुक्रवारी विमानाने जे येणार होतं, ते... मी बाथरूममध्ये गेलो आणि नळ सोडून रडलो.

"पांढरी घाल," बाहेर येऊन मी म्हणालो.

"पांढरी मळते हो."

"आता काय मळणार आहे!" माझ्या तोंडून निघून गेलं. फिलूने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं आणि निळी चादर बाजूला काढली.

मंगळवारी सावंतवहिनी आल्या. हातात झाकलेलं भांडं, डोक्यावर पदर, डोळे लाल. मी हॉलमध्ये होतो.

"किती दिवस रवले गो?" वहिनींनी अगदी हळू विचारलं.

"तीन आठवडे!" फिलू आनंदाने म्हणाली. "मी तर कॅलेंडरवर फुल्या मारतेय."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

"धीराची गो बाई तू!"

"धीर कसला! दोन वर्षं काढली, आता तीन आठवडे काय?"

"म्हणजे... तुका आधीपास्नं म्हायत होता?"

"अहो, जातानाच तारीख ठरलेली असते! त्यांच्यात सगळ्यांचीच ठरलेली असते."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. फिलूने त्यांच्या मांडीवर थाप मारली. "वहिनी, त्या शनिवारी काही ठरवू नका हं. मी मोठी पार्टी ठेवतेय. बिर्याणी सांगितलीय. गाणी लावू, नाचू!"

वहिनी भांडं न ठेवताच उठल्या. जाता जाता दारात मला म्हणाल्या, "भावजी, हिच्या डोक्यार परिणाम झालो हा. सांभाळा."

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी दोन पत्रं लिहायला घेतली. पहिलं फिलिपिन्समधल्या त्या धर्मसेवेच्या प्रमुखांना, माझ्या उत्तमोत्तम ऑफिशियल इंग्रजीत. त्याचा मराठी अर्थ असा: 'विषय: माझ्या मुलाच्या नियोजित मृत्यूबाबत. महोदय, उपरोक्त मृत्यू येत्या तिसऱ्या गुरुवारी होणार असल्याची तोंडी सूचना मिळाली. काही अपरिहार्य कौटुंबिक कारणास्तव तो पुढे ढकलणे शक्य आहे का, हे उलट टपाली कळवावे.'

दुसरं मेल्विनला. ते ऑफिशियल झालं नाही. नऊ पानं झाली. लिहिलं, की तू मॉर्मन झालास म्हणून मी चिडलो नव्हतो. तू मला न विचारता मोठा झालास म्हणून चिडलो होतो. लिहिलं, की दर सोमवारी मी पेपर उघडून बसतो, पण पान उलटत नाही. लिहिलं, की तू कुठल्याही देवाकडे जा, चहा पिऊ नकोस, मी पुन्हा कधी बोलणार नाही. फक्त जाऊ नकोस. डोळे पुसून मी पाठवायचं बटण दाबलं. ईमेल तो सोमवारीच वाचायचा, हे मला माहीत नव्हतं. मी बुधवार-गुरुवार दर पाच मिनिटांनी फोन बघत होतो.

शुक्रवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना. इथे आखाती देशांत शुक्रवारची सुट्टी, म्हणून आमचा रविवार शुक्रवारी येतो. चर्च तुडुंब भरलेलं. मी सकाळीच चर्चच्या ऑफिसात जाऊन प्रार्थनेच्या विनंतीची चिठ्ठी टाकून आलो होतो. फिलू गायकवृंदात असते, आणि चिठ्ठ्या वाचल्या जातात तेव्हा ती पुढच्या गाण्याचं पान शोधत असते, हा माझा बावीस वर्षांचा अनुभव. त्याच्या भरवशावर मी बसलो.

फादरांनी चष्मा सावरला आणि माइकवर स्पष्ट आवाजात वाचलं, "अल हैलच्या मेल्विनला चांगलं मरण यावं, यासाठी प्रार्थना करू या. विनंती करणार: त्याचे वडील."

त्या दिवशी फिलूला पान लगेच सापडलं होतं!

गायकवृंदातून एक किंकाळीवजा "काय?" आला. सहाशे माणसं वळली. मला बाकाखाली जागा आहे का, ते मी पाहिलं. नव्हती.

फिलूने मला दंडाला धरून बाहेर कार पार्किंगमध्ये आणलं. "कोण मरतंय?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी तिचे दोन्ही हात हातात घेतले. "फिलू, मन घट्ट कर. मेल्विनने मला सांगितलं. गुरुवारी. त्याचा मुलगा त्याला मारणार आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग ओठ चावला. मग ती पार्किंगच्या कट्ट्यावर बसली आणि पर्स तोंडावर धरून हसू लागली. हसता हसता तिला ठसका लागला, तरी थांबेना. मला वाटलं, सावंतवहिनींचं खरं होतं!

"अहो," ती कशीबशी म्हणाली, "ती त्या मुलांची भाषा आहे! सेवा सुरू झाली की म्हणतात, जन्मला. शिकवणारा तो बाप, नवीन येणारा तो मुलगा. सेवा संपवून घरी निघाला, की म्हणतात मेला. आणि शेवटचा जोडीदार जो असेल, तो त्याला 'मारतो'! मेल्विनचा शेवटचा जोडीदार त्यानेच शिकवलेला मुलगा आहे. म्हणून मुलगा बापाला मारणार!"

"हे... हे तुला कोणी सांगितलं?"

"मेल्विनने. दोन वर्षं दर सोमवारी सांगतोय. तुम्ही कुठे होतात?"

"तिथेच," मी म्हणालो. "शेजारच्या खुर्चीत."

ती हसायची थांबली. माझा शर्ट घामाने भिजला होता, तो तिने पदराने टिपला.

सावंतला सांगितलं, तर तो आधी आनंदाने नाचला आणि मग भडकला. "मी गावच्या देवाक गाऱ्हाना घातलंय! नारळ बोललंय! आता काय सांगू, माणूस मेलो म्हणजे घराक येता?"

सोमवारी फोन आला. फिलू घरी होती, पण तिने तो उचलून सरळ माझ्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात गेली. मेल्विनचे डोळे सुजलेले दिसत होते.

"डॅडी, तुझी लेटर वाचला. थ्री टाइम्स." त्याने टायने डोळे पुसले. "तू लिहिली, कुठल्या पण देवाकडे जा. ते खरं आहे? की मी मरणार, म्हणून?"

बावीस वर्षं मी लोकांच्या पत्रांचे खरे अर्थ सांगत आलो. आज माझ्याच पत्राचा अर्थ मुलगा विचारत होता.

"लिहिताना तू मरणार होतास," मी म्हणालो. "पण खोटं एकही वाक्य नाही त्यात."

तो हसला. रडला. पाठीमागून त्याचा 'मुलगा'ही रडत होता. त्याला मराठी कळत नाही, पण मुलगा चांगला आहे.

प्रमुखांचंही उत्तर आलं: 'आपली विनंती वाचली. दिलगीर आहोत, मृत्यू पुढे ढकलता येणार नाही. तिकीट काढलेले आहे.'

ठरल्या शुक्रवारी मेल्विन आला. बारीक झालेला, उन्हाने काळवंडलेला. विमानतळावर आम्ही दोघांनी एकमेकांना इतकी घट्ट मिठी मारली, की त्याच्या छातीवरच्या पट्टीची पिन माझ्या खिशात अडकली आणि आपल्या गाडीने आलेल्या सावंतला गॅरेजवाल्याच्या सफाईने ती सोडवावी लागली.

गाडी मी चालवत होतो, मेल्विन मागे फिलूजवळ. मी मनाशी पक्कं केलं होतं, की आता ऐकायचं! तो जे बोलेल, ते शब्दन् शब्द! आणि तो बोलू लागला. भराभर, हसत, मध्येच आवाज कापत. मला धड काही ऐकू येत नव्हतं, पण मी मागे न वळता मान डोलवत होतो. "हो बाळा." "खरं आहे." "आता डॅडी आहे ना!" ऐकण्याच्या नादात अल हैलचा फाटा कधी गेला, ते कळलंच नाही; आम्ही अल खौदला पोचलो. डोळ्यांत पाणी असल्यामुळे तिथूनही चुकीच्या बाजूला वळलो.

शेवटी फिलू पुढे वाकली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "अहो, जरा हळू बोला. तो फोन कानाला लावून फिलिपिन्समधल्या घरमालकिणीला पोचल्याचं कळवतोय. त्यांच्या भाषेत."