दहावी सही

माझी पोरगी तीन वर्साची हाय आणि अजून आपली आपण बसती न्हाई. धरून बसवली की बसती, हात काढला की एका अंगाला कलती. डॉक्टरनं सांगितलं जन्मताना मेंदूला हवा कमी पडली. तवापास्नं माझ्या डोक्यात एकच चालायचं, ही मोठी झाली की कशी आसंल. म्हंजी तोंडानं न्हाई, तोंडानं ती माझ्यावरच गेलीया. कुटं बसंल, दिवसभर काय करंल, तिला कोण न्हाऊ घालंल. असं मोठं झालेलं माणूस मी जवळनं बघितलंच नव्हतं. गावात आसंल एखादं, पर घराच्या भाईर कोण आणतंय.

मंग अंगणवाडीत ताई आल्या. ज्यांची लेकरं अशी हायेत त्या आयांची बैठक व्हती, आमी चौघी. ताई स्कुटीवरनं आल्या, मागं दोन जादा चाकं लावलेली स्कुटी, आन कुबड्या बाजूला बांधलेल्या. ल्हानपणी पोलिओ झालेला. रिहे गावाकडच्या. दाखला, पेन्शन, सायकल असली अपंगांची कामं करत्यात, रोज पौडाला तालुक्याच्या हापिसात कागद घेऊन असत्यात, असं अंगणवाडीच्या सेविकाबाई म्हणाल्या. ताई दाखल्याचं समजावत व्हत्या आणि मी काय आयकत नव्हते, मी त्यांच्याकडं बघतच राहिले. कुबड्या कशा ठेवत्यात, खुर्चीत कशा बसत्यात, पाण्याची बाटली कशी उघडत्यात. बैठक सुटली, बायका गेल्या, मी पोरीला काखंत घेऊन तितंच.

ताई म्हणाल्या, "तुला काय विचारायचंय वाटतं."

मला धाप लागली. मला अशी बोलताना धाप लागती, आत्या, म्हंजी माझ्या सासूबाई, म्हणत्यात हिच्या मागं कोण लागलंय काय. मी म्हणाले, "ताई, राग नका मानू, तुमी आंघोळ कशी करता?"

सेविकाबाईंनी जीभच चावली. ताई हसायला लागल्या. "पाटावर बसून. बादली शेजारी. तू उभ्यानं करतेस काय?"

"आन सैपाक?"

"शेगडी खाली घेतली. ओट्याचा नाद सोडला."

"लगीन?"

"दोघं बघायला आले होते. एकाला घर सांभाळायला पाहिजे होती, दुसऱ्याला मी पोरांची शिकवणी घेते ते आवडलं नाही. मी दोघांना चहा पाजून लावून दिलं."

मंग मला जे विचारायचं व्हतं ते विचारलं. तुमच्या आईनं काय केलं, तुमी ल्हान असताना. ताई म्हणाल्या, "आई भात लावायला न्यायची. मला बांधावर बसवायची आणि रोपाच्या मुठी बांधायला द्यायची. हात चालतात ना, मग बांध, म्हणायची. संध्याकाळी मला पाठुंगळी घेऊन घरी यायची, आणि वाटंत भेटंल त्याला सांगायची, आज हिनं इतक्या मुठी बांधल्या."

मी घरी आले ती हेच घोकत.

ते दिवस भात कापणीचे व्हते, दिवाळी तोंडावर, आणि इलेक्शनची धामधूम. आमच्या घरात माझे दीर एका मोठ्या पार्टीच्या उमेदवाराबरोबर फिरत्यात. गाडीत बसून जायचं, गळ्यात पंचा, रात्री बिर्याणी. मालक कंपनीत शिफ्टला, ते यात नसत्यात. तर एक दिवस कळलं, ताईच आमदारकीला उभ्या राहात्यात. अपक्ष. भाऊजी जेवताना हसून हसून ठसकले. "आता कुबड्या घेऊन विधानसभेत जाणार म्हणं!" आत्या म्हणाल्या, "जाऊ दे की, तुमचे पाय धड हायेत ते तरी कुटं जात्यात." सगळे हसले, मीबी हसले, पर मनात म्हणलं, खरंच, कशी जाईल? तितं पायऱ्या असत्यात का? तितं भाषण उभ्यानं करायचं का बसून चालतं?

दोन दिवसांनी ताईंची स्कुटी अंगणवाडीपाशी. मला बोलवून घेतलं. म्हणाल्या, "अपक्षाला दहा सूचक लागतात. मतदारसंघातले दहा मतदार, ज्यांनी फॉर्मवर सही करायची की ही बाई उभी राहू दे. माझे नऊ झालेत. दहावी होती, तिचा नवरा रात्री म्हणाला नको. आज शेवटचा दिवस."

मी म्हणाले, "सूचक म्हंजी साक्षीदार का? कोर्टात बोलावत्यात का?"

"नाही. सही केली की झालं. तुझा दीर कुणाबरोबर फिरतो मला माहितीये, तेव्हा तू नाही म्हण, मी रागावणार नाही. पोरीचं काम मी करणारच आहे."

नाही म्हणायची सवड दिली तीच मला अडचण झाली. जबरदस्ती केली असती तर मी पळून गेले असते. पर मला बघायचं व्हतं. ह्या बाईचं नाव त्या मतदानाच्या मशीनवर कसं दिसतंय ते बघायचं व्हतं, मोठमोठ्या लोकांच्या खाली. ताईंनी यादीतनं माझा नंबर लिहून घेतला, माझं नाव लिहिलं, मी पोरीला एका हातानं धरून दुसऱ्या हातानं सही केली आणि पळत घरी आले. चुलीवर दूध व्हतं.

घरात कुणाला सांगितलं न्हाई.

अर्ज तपासायचा दिवस असतो, त्याला छाननी म्हणत्यात, ते मला नंतर कळलं. त्या दिवशी दिवे लावायच्या टायमाला ताईंचा फोन आला. आवाज रोजच्यासारखा नव्हता. "अगं, तुझी सही खोटी आहे म्हणून तुझ्या दिराच्या पार्टीच्या वकिलानं हरकत घेतलीय."

"खोटी? मी केली की."

"तू कोणत्या नावानं केलीस?"

 तवा माझ्या ध्यानात आलं.

आमच्यात लग्नात नवरीचं नाव बदलत्यात. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं. माझं लिहिलं तवा मी वाकून वाचलं, कुणाचं नाव हाय म्हणून. यादीवाले घरी आले तवा मामंजींनी तेच सांगितलं, त्यामुळं मतदार यादीत तेच. पर सही मला एकच येती. आठवीत शाळेनं बँकेत खातं काढून दिलेलं, तवा बाईंनी पाटीभर गिरवून घेतलेली, माहेरच्या नावाची. नववीत शाळा सुटली. त्यानंतर सही करायची येळच आली न्हाई, कुटंबी मालक करत्यात. एकदा मतदान केलं तर पुढं आत्यांनी अंगठा दिला म्हणून मीबी अंगठाच दिला. नव्या नावाची सही कशी दिसती तेच मला ठावं न्हाई. आन ताईंनी गडबडीत माझं गिचमीड वाचलं न्हाई.

ताई म्हणाल्या, "निवडणुकीच्या साहेबांनी उद्या अकरापर्यंत वेळ दिलाय. भोरला त्यांच्या कचेरीत येऊन तू सांगायचं, सही माझी आहे. नाही सांगितलंस तर नऊच राहतात, आणि फॉर्म बाद." मंग म्हणाल्या, "तुझी दहावी राहिली होती ना शाळेत, बघ कशी आडवी आली."

त्या हसल्या न्हाईत. मीबी न्हाई.

मालकांना सांगितलं. ते शिफ्टला निघाले व्हते, एक बूट घातलेला, एक हातात. "भाऊ तितंच फिरतुया आन तू हे केलंस?" दुसरा बूट घातला, नाडी बांधली. "खोटं तर न्हाई ना केलंस? मंग जा. आईला सांगून जा."

आत्यांना सांगायची हिंमत झाली न्हाई. म्हणाले, पोरीच्या दाखल्याचं काम हाय. "भोरला? दाखला भोरला कवापास्नं मिळाया लागला?" मी चप्पल शोधायला लागले. भाऊजी तर माझ्या आधीच, अंधार असतानाच गेलेले.

ताई फाट्यावर गाडी घेऊन आल्या. कुणा अपंग मैत्रिणीची चारचाकी व्हती, आन तीबी त्याच चालवत व्हत्या, ब्रेकला आन गॅसला हाताचा दांडा लावलेला. पुण्याच्या चांदणी चौकात एवढी गर्दी, मी डोळे मिटले, मंग उघडले, कारण बघायचंबी व्हतं. वाटभर विचारत गेले. एकाच हातानं दोन्ही कसं? चुकून दोन्ही दाबलं तर? ताई सांगत गेल्या. त्यांना पाठ म्हणायचं व्हतं बहुतेक, वकिलाला काय उत्तर द्यायचं ते, पर मी म्हणूच दिलं न्हाई.

भोरच्या हापिसात टेबलामागं साहेब, शेजारी एक क्लार्कबाई, समोर काळ्या कोटातला वकील. मी दारातच थांबले. पोरगी रडायला लागली. ताईंनी खुर्चीवर बसून हात पुढं केले, "दे इकडं." पोरीला मांडीवर घेतली आणि आपली वढणी तिच्या छातीखालनं घेऊन स्वतःच्या कमरेभवती आवळून बांधली. पोरगी ताठ बसली. हात सुटं झाले तिचे. ती ह्याच्याकडं बघती, त्याच्याकडं बघती, रडायचं इसरली. मी तीन वर्सं हातानं धरत व्हते, असं बांधायचं मला सुचलंच नव्हतं. मी तेच बघत राहिले आणि वकील बोलायला लागला ते निम्मं गेलंच.

वकील म्हणत व्हता, "साहेब, यादीत एक नाव, सही दुसऱ्याच नावाची. त्या घरात या नावाची बाईच नाही. मी त्याच घरातला माणूस आणलाय, विचारा." आणि भाईर बघून हाक मारली.

भाऊजी आत आले. गळ्यात पंचा. त्यांनी मला बघितलं.

"वहिनी? तुमी हितं काय करताय?"

मी म्हणाले, "भाऊजी, ते नाव माझंच हाय."

"कुठलं?"

"माहेरचं."

भाऊजी वकिलाकडं बघायला लागले. खोटं बोलले नव्हते ते. वकिलानं विचारलं असणार, तुमच्या घरात या नावाचं कोण हाय का, त्यांनी छातीला हात लावून सांगितलं असणार न्हाई म्हणून. लग्नात ते डीजेपाशी नाचत व्हते, तांदळावर काय लिहिलं, त्याच्या आधी काय व्हतं, त्यांना कुणी सांगितलं? पाच वर्सं एका घरात, मी त्यांना रोज ताट वाढतीया.

वकील म्हणाला, "एका बाईला दोन नावं कशी असतील?"

क्लार्कबाई फायलीतनं डोकं वर न काढता म्हणाल्या, "मला आहेत की. माझं सर्व्हिस बुक अजून जुन्याच नावाचं आहे."

साहेबांनी कोरा कागद पुढं केला. "सही करा."

मी म्हणाले, "कुठल्या नावाची करू?"

सगळे हसले. मला रडू यायला लागलं, मी चेष्टा केली नव्हती. साहेब म्हणाले, "जशी येते तशी करा." पेन हातात घेतलं आणि मला वाटलं आता मलाच माझी सही जमायची न्हाई आणि ताईंचा फॉर्म माझ्या बोटापायी जाणार. शाळेतल्या बाईंनी शिकवलेलं आठवलं, आधी वरची रेघ वढायची न्हाई, अक्षरं काढून घ्यायची, मग एका दमात रेघ. तशी केली. साहेबांनी तीनदा करायला लावली. फॉर्म शेजारी धरून बघितलं. मंग भाऊजींना विचारलं, "या तुमच्या वहिनी आहेत? यादीत नाव आहे त्याच?"

 वकील भाऊजींकडं बघत व्हता. भाऊजींनी पंच्याचं टोक दोन बोटांत धरलं आणि पीळ देत बसले. मला वाटलं संपलं. हा माणूस आता न्हाई म्हणंल, मंग मी घरी तरी कशी जाऊ.

"वहिनीच हायेत," भाऊजी म्हणाले. "आमच्या वहिनीच हायेत."

साहेबांनी काहीतरी लिहिलं, शिक्का मारला आणि म्हणाले, अर्ज वैध. ताई पोरीला सोडवायला लागल्या. वढणीची गाठ सुटता सुटंना, घट्ट बसली व्हती.

भाईर आलो तर भाऊजींच्या पार्टीची गाडी निघून गेलेली. त्यांना फोन लावला, कुणी उचलंना. ताई म्हणाल्या, "बसा मागं." ते बसले, काय करणार. पोरीला त्यांच्या मांडीवर दिली, तशी त्यांनी पंचा काढून तिच्या छातीखालनं बांधला, मी सांगितलंबी न्हाई.  मंग मागनं आवाज आला, "वहिनी, ते नाव चांगलं व्हतं की. बदललं का?"

"मला काय ठावं. तुमच्या भावाला विचारा."

"त्याला तरी ठावं हाय का बघा," ताई म्हणाल्या, आन आमी तिघंबी हसलो. भाऊजींना हसायचं नव्हतं, पर हसले.

पौड मागं पडलं तसे भाऊजी चुळबुळ करायला लागले. फाट्याच्या अलीकडंच म्हणाले, "मला हितंच सोडा. पोरं बसल्याली असत्यात फाट्यावर, ताईंच्या गाडीत बघितलं तर..." उतरले, पोरगी माझ्याकडं दिली, पंचा घडी करून खिशात घातला आणि शेतातनं घुसले.

ताईंनी गाडी चालू ठेवून मला विचारलं, "तूपण उतरतेस का? इथनं चालत गेलीस तर कुणाला कळणार नाही."

त्यांनी परत सवड दिली. भीती तर मला वाटतच व्हती. फाट्यावरची पोरं मान वळवून बघायला लागली व्हती. मी पोरीला नीट मांडीवर घेतलं.

"न्हाई," म्हणाले. "दारात सोडा."

आत्या दारात भात पाखडत बसलेल्या. गाडीकडं बघितलं, मंग स्टेरिंगमागं बसलेल्या ताईंकडं, मंग माझ्याकडं. सूप खाली ठेवलं. मी तोंड उघडलं, सगळं एका दमात सांगायला, पर दम पुरंना.

"आधी खाली उतर," आत्या म्हणाल्या. "आन त्या बाईला विचार, आमच्या पायऱ्या उंच हायेत, चहा गाडीतच आणू का."